दवा, दुआ आणि हाताला काम

आमच्या घरात मधल्या खोलीत एक शिलाई मशीन दोन वर्षे चादरीखाली झाकून ठेवलेले होते. अब्बांनी निवृत्तीच्या पैशांतून ते धाकट्या भावासाठी घेतले होते. आजारी पडण्याआधी तो बाजारपेठेतल्या एका टेलरच्या दुकानात कारागीर होता. हात असा साफ की ईदच्या आधी लोक त्याचेच नाव सांगून कापड टाकून जायचे. तेविसाव्या वर्षी त्याची झोप गेली. दुकानातले लोक आपल्याविषयी कुजबुजतात, असे तो म्हणू लागला. मग जवळ कोणी नसतानाही आवाज ऐकू येऊ लागले. एके दिवशी तो एका गिऱ्हाईकाच्या अंगावर धावून गेला आणि त्याचे काम सुटले.

पुढचे दीड वर्ष आम्ही तेच केले, जे आपल्यातल्या अनेक घरांत होते. ताईत झाले, दम केलेले पाणी झाले, लांबलांबच्या आमिलांकडे चकरा झाल्या. कोणी साया म्हटले, कोणी करणी. आम्ही शिकलेले, शाळेत मुलांना शिकवणारे. तरी अम्मीचा चेहरा पाहून आम्हीही त्या रांगांत उभे राहिलो. शेवटी मनोरुग्णालयात नेले तेव्हा आजाराला नाव मिळाले: स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता. गोळ्या सुरू झाल्या आणि चार-पाच महिन्यांत आवाज पुष्कळ कमी झाले.

आम्हाला वाटले, सुटलो. पण आवाज गेले तरी माणूस परत आला नव्हता. तो दुपारी बारापर्यंत झोपायचा, भिंतीकडे तोंड करून बसायचा, पाहुणे आले की आतल्या खोलीत जायचा. कामाचा विषय निघाला की आमच्याकडे एकच उत्तर तयार असे, "आधी पूर्ण बरा होऊ दे, मग बघू." या 'मग बघू'मध्ये चार वर्षे गेली. मशीन आणले तेही याच विचाराने, की घरच्या घरी जमेल तेवढे शिवेल, कोणाला दिसणार नाही, कोणी बोलणार नाही. तो दोन वेळा त्यावर बसला आणि उठला.

हा लेख त्या चार वर्षांविषयी आहे. ती वाया घालवायची गरज नव्हती, हे आम्हाला फार उशिरा कळले.

न विचारलेला प्रश्न

गोळ्या आणायला महिन्यातून एकदा जावे लागे. एकदा रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातल्या मॅडमनी आम्हाला बाजूला बसवले आणि सरळ भावालाच विचारले, "तुला काय काम करावेसे वाटते?" आम्ही त्याच्या वतीने उत्तर द्यायला तोंड उघडले, तेव्हा त्यांनी हाताने थांबवले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "दुकानात बसायचंय. घरी नाही."

चार वर्षांत आम्ही डॉक्टरांना विचारले होते, मौलाना साहेबांना विचारले होते, नातेवाइकांना विचारले होते. त्याला विचारले नव्हते.

घरी येताना बसमध्ये आम्ही त्याला म्हणालो, मग मशीनवर का बसत नाहीस? तो म्हणाला, "घरात मशीन म्हणजे आजाऱ्याचं मशीन. दुकानात मी कारागीर होतो." मॅडमनीही पुढच्या भेटीत हेच वेगळ्या शब्दांत सांगितले. माणसाला पैशांइतकेच सकाळी कुठेतरी जायला कारण लागते, चार माणसांत बसायला जागा लागते, आणि 'काय करता?' या प्रश्नाला उत्तर लागते.

आधी तयारी की आधी काम?

गंभीर मानसिक आजार झालेल्यांना कामावर परत आणण्याची जुनी रीत जगभर जवळजवळ सारखीच होती. आधी कार्यशाळेत बसवायचे, लिफाफे, मेणबत्त्या, कागदी पिशव्या करायला लावायच्या, सवय झाली की मग बाहेरच्या नोकरीचा विचार करायचा. हेतू चांगला होता. पण अडचण अशी की पुष्कळ लोक त्या तयारीतच अडकून पडत. मेणबत्त्या करता येऊ लागल्या म्हणून कोणी दुकानात गिऱ्हाईक सांभाळायला शिकत नाही.

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात डार्टमथ येथील डॉ. रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी १९९० च्या सुमारास हा क्रम उलटा केला. आधी खऱ्या बाजारातले खरे काम, रुग्णाच्या पसंतीचे. आणि मग त्या कामावर असतानाच शिकणे व आधार. या पद्धतीला 'इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट' म्हणतात. तिचे नियम साधे आहेत. ज्याला काम करायची इच्छा आहे त्याला 'तू अजून तयार नाहीस' म्हणून परत पाठवायचे नाही. कामाचा शोध लगेच सुरू करायचा. काम शोधून देणारा माणूस आणि उपचार करणारे डॉक्टर यांनी एकत्र बसून बोलायचे. काम लागले म्हणजे संपले असे न समजता आधार चालूच ठेवायचा, जितके दिवस लागेल तितके.

हे युरोपातील सहा शहरांत तपासून पाहिले गेले. २००७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अहवाल आला. गंभीर मानसिक आजार असलेल्या ३१२ जणांपैकी निम्म्यांना ही नवी पद्धत आणि निम्म्यांना जुनी 'आधी तयारी' पद्धत दिली होती. दीड वर्षाच्या काळात नव्या पद्धतीतल्या ५५ टक्के लोकांनी किमान एक दिवस तरी खरे काम केले. जुन्या पद्धतीत हे प्रमाण २८ टक्के होते. काम केल्याने ताण येईल, आजार उलटेल, ही भीती प्रत्येक घरात असते, आमच्याही होती. पण पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण नव्या पद्धतीत २० टक्के आणि जुन्या पद्धतीत ३१ टक्के आढळले.

आकडे जपून वाचावेत. नव्या पद्धतीतही जवळजवळ निम्म्या लोकांना काम मिळाले नाही. ही जादू नाही. पण 'पूर्ण बरा होईपर्यंत थांबा' हा सल्ला आपण ज्या खात्रीने देतो, त्या खात्रीला आधार नाही, एवढे यातून नक्की कळते.

हे वाचताना आम्हाला अबू दाऊद यांच्या हदीस संग्रहातला एक प्रसंग आठवला. एक गरजू अन्सारी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मागायला आले. घरात काय आहे, असे विचारल्यावर एक जाडेभरडे कापड आणि एक वाडगा एवढेच निघाले. प्रेषितांनी (स.) त्या वस्तू लोकांमध्ये दोन दिरहमला विकल्या. एका दिरहमचे घरच्यांना अन्न, दुसऱ्याची कुऱ्हाड. कुऱ्हाडीला दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवून दिला, लाकूड तोडून विकायला सांगितले आणि पंधरा दिवसांनी या म्हणाले. ते आले तेव्हा त्यांच्याकडे दहा दिरहम होते. त्या गृहस्थांना कोणता आजार नव्हता. पण मदत कशी करावी, हे या प्रसंगात आहे. हातात अवजार, समोर खरा बाजार, आणि काही दिवसांनी विचारपूस.

काज-बटनापासून सुरुवात

आपल्याकडे काम शोधून देणारा असा खास माणूस बहुतेक रुग्णालयांत नसतो. आमच्या बाबतीत ते काम मॅडमच्या सल्ल्याने आम्हीच केले. भावाच्या जुन्या दुकानात परत जाणे शक्य नव्हते. मोहल्ल्यात एक वयस्कर टेलर होते, सगळे त्यांना मास्टरचाचा म्हणत. त्यांच्याकडे जायचे ठरले. आजाराविषयी सांगायचे की नाही, हा मोठा प्रश्न होता. मॅडम म्हणाल्या, "हे तुम्ही ठरवायचे नाही, त्याने ठरवायचे. आणि सांगायचे तर किती सांगायचे, तेही त्यानेच." भावाने ठरवले की आवाजांविषयी बोलायचे नाही. "मी आजारी होतो, गोळ्या चालू आहेत, सकाळी लवकर उठता येत नाही," एवढेच त्याने सांगितले. मास्टरचाचांनी विचारले, "हात चालतो का अजून?" तो म्हणाला, "थरथरतो."

गोळ्यांमुळे हाताला कंप होता. म्हणून कटिंग नाही, मशीनची सरळ टीपही नाही. काज-बटन, तुरपाई आणि इस्त्री. सकाळी अकरा ते एक, फक्त दोन तास. पैसे नगावर. पहिल्या आठवड्यात त्याची कमाई इतकी कमी होती की अब्बा म्हणाले, यापेक्षा रिक्षाभाडे जास्त होईल. पण तो पायी जात होता, आणि चार वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून दाढी करत होता.

लहान सवलतींनी किती फरक पडतो, हे आम्ही तिथे पाहिले. गोळीची सुस्ती सकाळी उतरत नाही म्हणून कामाची वेळ अकराची. तोंड कोरडे पडते म्हणून जवळ पाण्याची बाटली. एका वेळी एकच काम सांगायचे, दुसरे पहिले संपल्यावर. गर्दीकडे पाठ करून बसायची जागा, कारण समोर चार माणसे बोलत असली की त्याचे मन भरकटायचे. यांतल्या कशालाही पैसा लागला नाही. हाताच्या कंपाविषयी डॉक्टरांना सांगितले तेव्हा त्यांनी औषध बदलून दिले. आम्ही आधी ते कधी सांगितलेच नव्हते, कारण घरी बसलेल्या माणसाच्या हाताच्या कंपाची कोणाला अडचण होत नाही. सात-आठ महिन्यांत दोन तासांचे चार तास झाले आणि तो पुन्हा मशीनवर बसू लागला.

रमजानमधली आमची चूक

टेलरच्या धंद्यात रमजान म्हणजे हंगाम. शेवटच्या अशऱ्यात दुकाने सहरीपर्यंत उघडी असतात. त्या वर्षी भाऊ उत्साहात होता, मास्टरचाचांना हात हवे होते, आणि आम्हीही खूश होतो की मुलगा सगळ्यांसारखा झाला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तो थांबू लागला. रोजेही धरले. गोळीची वेळ चुकू लागली. सत्ताविसाव्या शबला तो रात्रभर जागा होता. ती इबादतीची जाग आहे असे आम्हाला वाटले. दोन दिवसांनी त्याने विचारले, "दुकानात माझ्याबद्दल कोण बोलतंय?"

त्या एका वाक्याने आमच्या पायांखालची जमीन सरकली. ईदच्या आदल्या दिवशी आम्ही त्याला घेऊन रुग्णालयात होतो. वेळेवर नेल्यामुळे भरती करावे लागले नाही. पंधरा दिवस घरी विश्रांती, औषधात थोडा बदल. आम्ही ठरवूनच टाकले होते की दुकान आता बंद. मॅडम म्हणाल्या, "ताप आला म्हणून मुलाची शाळा कायमची सोडवता का?" आणि मास्टरचाचांनी निरोप पाठवला, "त्याची जागा आहे तिथेच आहे."

या प्रसंगातून आम्ही जे शिकलो, ते प्रत्येक घराने लिहून ठेवावे. आजार उलटण्याआधी बहुधा झोप बिघडते. सलग दोन रात्री झोप नसली तर तिसऱ्या रात्रीची वाट पाहू नये. रमजान येण्याआधीच डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्याव्यात, स्वतःच्या मनाने बदलू नयेत. ज्यांना मूड टोकाला जाणाऱ्या बायपोलर आजारासाठी लिथियम चालू असते, त्यांनी तर अधिक जपावे. दिवसभर पाणी न मिळाल्यास रक्तात या औषधाचे प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. आजाऱ्याला रोज्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

दर्गा आणि दवाखाना

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरात चालणाऱ्या एका खासगी आश्रमाला पहाटे आग लागली. तिथले मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण गेले. त्यांना तिथे आणून सोडणारे दुष्ट लोक नव्हते. आमच्यासारखीच थकलेली घरे होती. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

याच्या उलट उदाहरणही आहे. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार दर्गा आहे. तिथे 'दवा और दुआ' नावाचा उपक्रम चालवला गेला. दर्ग्यातले मुजावर दुआ करतात आणि त्याच परिसरात मानसोपचारतज्ज्ञ तपासून औषध देतात. कोणाला श्रद्धा सोडायला सांगितले जात नाही. आमच्या अम्मीचेही तसेच आहे. ती आजही दुआ करते, आणि रात्री नऊला गोळीही तीच देते.

आमचे म्हणणे एवढेच, की दवा आणि दुआ यांच्या जोडीला तिसरी गोष्ट हवी, आणि ती म्हणजे काम.

कायदा काय देतो

आमच्या एका नातलगाला सरकारी नोकरीत असताना हा आजार झाला. कार्यालयात बोभाटा होऊ नये म्हणून घरच्यांनी पहिल्याच महिन्यात त्याचा राजीनामा लिहून दिला. थांबा म्हणणारे कोणी भेटले नाही. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. त्याच्या कलम २० प्रमाणे सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना कामावरून काढू शकत नाही किंवा खालच्या पदावर आणू शकत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनाचे दुसरे काम द्यावे लागते. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात असाही निर्णय दिला की मानसिक अपंगत्वातून घडलेल्या वर्तनासाठी शिस्तभंगाची कारवाई करणे हा भेदभावाचाच प्रकार ठरू शकतो. म्हणून घाईने राजीनामा देऊ नका. रजेचा अर्ज द्या, डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडा.

नवी नोकरी शोधणाऱ्यांसाठी, ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण आहे. त्यातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी मिळून आहे. प्रमाणपत्र आणि 'यूडीआयडी' कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. निराधार योजनेचे अनुदान मिळत असेल तर त्याला उत्पन्नाची अट असते. काम सुरू करण्याआधी तहसील कार्यालयात विचारून घ्यावे, म्हणजे नंतर धक्का बसत नाही.

मोहल्ल्याला काय करता येईल

दुकान, बेकरी, गॅरेज, छापखाना, शाळा चालवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. एखाद्याला दिवसाला दोन तासांची जागा देणे त्यांना अशक्य नाही. मस्जिदीच्या बैतुलमालमधून शिलाई मशीन किंवा हातगाडी देण्याची रीत चांगली आहे. पण मशीन देऊन विषय मिटवू नये. महिन्यातून एकदा कोणीतरी जाऊन विचारावे, काम चालले आहे का, काय अडते आहे.

मुलींविषयी वेगळे सांगायला हवे. मुलगा आजारी पडला तर निदान तो कमावता नाही याची काळजी होते. मुलगी आजारी पडली आणि घरात भांडी घासू लागली की 'बरी झाली' म्हणतात, किंवा 'लग्न लावून द्या, ठीक होईल' म्हणतात. लग्न हे औषध नाही. आजार लपवून केलेल्या लग्नात मुलीच्या गोळ्या बंद होतात आणि पुढचे सगळे तिलाच भोगावे लागते. तिलाही विचारा, तिला काय करायचे आहे. तिलाही शिवणवर्गात, शाळेत, दुकानात जायचे असेल.

उपचार सुरूच झाले नसतील तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ हा दिवसरात्र मोफत चालतो आणि मराठीतून बोलता येते. कुटुंबीयांनाही आधार लागतो. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था रुग्ण आणि कुटुंबीय यांच्यासाठी आधारगट चालवते. २००४ मध्ये आलेला 'देवराई' हा मराठी चित्रपट याच आजारावर आहे. आम्ही तो घरात सगळ्यांनी मिळून पाहिला. त्यानंतर अब्बा भावाला पहिल्यांदा म्हणाले, "तुला खूप त्रास झाला असेल."

भाऊ आज पूर्ण बरा आहे, असे आम्ही लिहू शकत नाही. गोळ्या चालू आहेत. काही दिवस वाईट जातात, त्या दिवशी तो दुकानात जात नाही, आणि मास्टरचाचांना तसा फोन तो स्वतः करतो. रमजानमध्ये आता रात्री नऊनंतर थांबायचे नाही, हे ठरलेले आहे. मधल्या खोलीतले मशीन मोहल्ल्यातल्या एका बेवा बहिणीला दिले. ते द्यायचे भावानेच सुचवले आणि देण्याआधी बसून तेल घालून, पट्टा बदलून, चालू करून दिले.

मागच्या ईदला आमच्या अंगावरचे कपडे त्याने शिवलेले होते. आमच्या कुर्त्याच्या एका बाहीला काज जरा तिरके आहे. ते आम्ही बदलून घेतलेले नाही.